संयम कोणाच्या वाट्याला? सेंट्रल पार्क खटला आणि बातमीची भाषा

आज आपण एका खटल्याबद्दल बोलणार आहोत. पण न्यायालयात काय झालं यापेक्षा, खटला उभा राहण्याआधी छापील शब्दांनी काय केलं, हे आपल्याला तपासायचं आहे.

१९ एप्रिल १९८९. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये रात्री धावायला गेलेल्या २८ वर्षांच्या एका गोऱ्या तरुणीवर बलात्कार झाला. तिला इतकी मारहाण झाली की ती १२ दिवस कोमात होती. त्याच रात्री पार्कात तीसेक मुलांचा घोळका फिरत होता आणि त्यातल्या काहींनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना मारलंही होतं. बलात्काराच्या आरोपात पोलिसांनी १४ ते १६ वर्षांची पाच मुलं अडकवली. चार कृष्णवर्णीय, एक लॅटिनो.

आता वृत्तपत्रांकडे पाहू. बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनी त्या तरुणीचं नाव छापलं नाही, आणि ते योग्यच होतं. पण अल्पवयीन आरोपींची नावं मात्र सगळीकडे छापून आली. म्हणजे संयम म्हणजे काय हे संपादकांना ठाऊक नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. तो पाळताही येत होता. फक्त कोणासाठी पाळायचा, हे ठरलेलं होतं.

दुसरा मुद्दा शब्दांचा. डेली न्यूजच्या मथळ्यात मुलांचा घोळका 'लांडग्यांचा कळप' झाला. पोलिसांकडून 'वाइल्डिंग' हा शब्द बाहेर आला आणि रातोरात अख्ख्या शहराच्या तोंडी बसला. कळप म्हटलं की काय होतं बघा: कोणी काय केलं, कोण कुठे होतं, हे प्रश्नच संपतात. लांडग्याला कोणी 'तू त्या वेळी कुठे होतास' असं विचारत नाही. बातमीत पुढे 'कथित' हा शब्द असेलही, पण मथळ्याने जे केलं ते त्या एका शब्दाने पुसलं जात नाही.

मग पुढारपण करणारे आले. १ मे रोजी, म्हणजे हल्ल्याला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, बांधकाम व्यावसायिक डोनाल्ड ट्रम्प यांनी शहरातल्या चार वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन फाशीची शिक्षा परत आणण्याची मागणी केली. जाहिरातीत या मुलांची नावं नव्हती. ती लागणारही नव्हती, कारण वाचकाच्या मनात चेहरे आधीच छापून झाले होते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. मुलांनी कबुली दिली होती, ज्यूरीने १९९० मध्ये दोषी ठरवलं; मग पत्रकारांनी काय करायचं होतं? आमचं म्हणणं असं की त्यांनी प्रश्न विचारायचे होते. तासन्‌तास चाललेल्या चौकशीनंतरचे जबाब एकमेकांशी जुळत नव्हते. घटनास्थळी मिळालेला डीएनए पाचांपैकी एकाचाही नव्हता, आणि हे खटल्याआधीच कळलं होतं. शिवाय ज्यूरीतली माणसं त्याच शहरातली होती, तीच वृत्तपत्रं वाचणारी.

२००२ मध्ये मातियास रेयेस या कैद्याने आपण एकट्याने हा गुन्हा केल्याचं सांगितलं. डीएनए त्याचाच निघाला. डिसेंबरमध्ये पाचही जणांची शिक्षा रद्द झाली, पण तोवर ती भोगून झाली होती. २०१४ मध्ये शहराने ४ कोटी १० लाख डॉलर भरपाई दिली. त्या पाचांपैकी युसेफ सलाम २०२३ मध्ये हार्लेममधून नगर परिषदेवर निवडून आले.

शेवट गोड झाला, असं वाटू देऊ नका. कळपाची ही प्रतिमा त्या मुलांपुरती थांबली नाही. १९९५ मध्ये जॉन डीयूलिओ या राज्यशास्त्रज्ञाने 'सुपरप्रेडेटर' तरुणांची लाट येणार, असं भाकीत केलं. लाट आली नाही, गुन्हे उलट घटले. पण त्या दशकात राज्यांमागून राज्यांनी अल्पवयीनांवर प्रौढांसारखे खटले चालवणारे कायदे कडक केले. २०११ या एका वर्षात न्यूयॉर्क पोलिसांनी रस्त्यात लोकांना ६ लाख ८५ हजारांहून अधिक वेळा अडवलं. त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते, आणि बहुतेक वेळा काहीच निष्पन्न झालं नाही. २०१३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली.

म्हणून अशी बातमी वाचताना आपण एवढंच तपासावं: यात माणसं आहेत की कळप? आणि ज्याला संयमाची सर्वाधिक गरज आहे, त्याच्या वाट्याला तो आला आहे का?