शुद्धिपत्राचा धर्म

पुस्तकाच्या शेवटीं जोडलेलें शुद्धिपत्र वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. परंतु छापील चूक बोललेल्या चुकीप्रमाणें हवेंत विरत नाहीं. ती पुढील लेखकाचा आधार बनते, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला शुद्धिपत्राचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

श्रीशिवछत्रपतींच्या जन्मतिथीचेंच उदाहरण घ्या. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत १६२७ हें जन्मवर्ष दिलें. बखरींचाही त्यास पाठिंबा होता. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली छापली, तींत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद निघाली. शिवजयंतीचा उत्सव लोकांत रुजविणाऱ्या पुरुषानेंच प्रचलित समजुतीस धक्का देणारें साधन पुढें ठेवावें, यांत खरी विद्वत्ता आहे. पुढें परमानंदाच्या 'शिवभारत' या समकालीन काव्यांतही तीच तिथि मिळाली. तें दिवेकरांनीं १९२७ सालीं प्रकाशांत आणलें. तथापि महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत म्हणून स्वीकारली ती २००१ सालीं! पुरावा छापून झाल्यावर सरकारी कागद सुधारण्यास पंच्याऐंशी वर्षें लागलीं.

या विलंबाचा सर्व दोष सरकारच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. जुन्या तिथीशीं लोकांची भक्ति जडली होती, आणि भक्तीला पुराव्याची भाषा सावकाश कळते. आमची तक्रार निराळी आहे. दुरुस्ती करावयाची ती तरी पुरती करावी. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्यूलियन गणनेची तारीख आहे. आज चालू असलेल्या ग्रेगोरियन गणनेनें तो दिवस १ मार्च येतो. हा खुलासा शेजारीं न दिल्यास एखादा चिकित्सक विद्यार्थी आजच्या गणनेनें वार काढील, त्याला शुक्रवाराऐवजीं मंगळवार मिळेल, आणि तो बिचाऱ्या शकावलीलाच खोटी ठरवील. अशा रीतीनें एका दुरुस्तीच्या पोटीं दुसरी चूक जन्मास येते.

पूर्वी काय छापलें होतें, तें कोणत्या पुराव्यावरून व केव्हां बदललें, एवढें सांगणें हा शुद्धिपत्राचा धर्म होय. नव्या आवृत्तींत मुकाट्यानें आंकडा बदलणें ही दुरुस्ती नव्हे, लपवाछपवी आहे. वडिलांच्या पुस्तकांत १६२७ आणि मुलाच्या पुस्तकांत १६३० असतां दोघांत वाद झाला, तर तो मिटविणारी एक ओळ त्या पुस्तकांतच सांपडली पाहिजे.