नकाशाची पुष्पिका

विद्यार्थ्यांच्या व अभ्यासकांच्या उपयोगासाठीं देशाच्या भूमीची माहिती नकाशांच्या रूपानें आंतरजालावर मांडण्याचे जे उद्योग सध्यां चालू आहेत, त्यांपैकीं दोहोंचें परीक्षण येथें कर्तव्य आहे. पहिला, भारतीय अवकाश संशोधन संस्थेचें 'भुवन' व त्याची शालेय शाखा 'स्कूल भुवन'. दुसरा, भारतीय सर्वेक्षण विभागानें चालविलेला नकाशांचा विनामूल्य पुरवठा. जुन्या कागदांच्या संग्राहकांस हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या कागदांत पदोपदीं गांव, तर्फ व परगणा यांचीं नांवें येतात, त्या कागदांच्या वाचकास नकाशा परका कसा असेल?

गुणांचा उल्लेख प्रथम करणें न्याय्य होय. 'भुवन' इ. स. २००९ मध्यें सुरू झालें. 'स्कूल भुवन'मध्यें भूगोलाच्या पाठ्यक्रमास धरून नकाशे रचले असून, भिंतीवरच्या एका जीर्ण नकाशावर सारा वर्ग शिकविण्यांत ज्यांचा जन्म गेला, त्या आम्हां शिक्षकांस त्याचें मोल विशेष वाटतें. भूमीच्या वापराचे नकाशे २००५-०६, २०११-१२ व २०१५-१६ असे कालनिर्देशासह निरनिराळे ठेवले आहेत, हेंही स्तुत्य आहे. सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. त्याच्या अडीचशेव्या वर्षीं, म्हणजे २०१७ सालीं, एकास पन्नास हजार या प्रमाणाचीं खुल्या मालिकेचीं पत्रकें विनामूल्य मिळूं लागलीं. एके काळीं सीमेलगतचीं व किनाऱ्यालगतचीं पत्रकें सामान्य शिक्षकाच्या दृष्टीसही पडत नसत. हें पाहतां हा पालट लहान नव्हे.

आतां दोष. तो एका संस्थेचा नसून एकूण पद्धतीचाच आहे. सर्वेक्षणाच्या कागदी पत्रकास चोहोंकडे समास असतो. त्यांत मोजणी कोणत्या सालीं झाली, पत्रक केव्हां छापलें, शेजारचीं पत्रकें कोणतीं, हें सारें लिहिलेलें असतें. पोथीस जशी पुष्पिका, तसा नकाशास हा समास. परंतु पडद्यावर अखंड नकाशा दाखवावयाचा म्हणजे पत्रकें समास कापून एकास एक जोडावीं लागतात. निरनिराळ्या सालीं मोजलेले तुकडे एकाच दिवशीं पाहिल्यासारखे एकजीव दिसूं लागतात. उपग्रहचित्रांचेंही तसेंच, तींही अनेक दिवशीं टिपलेले तुकडे सांधून सिद्ध होतात. पुष्पिका फाडून टाकलेल्या दहा पोथ्यांचीं पानें एकत्र बांधून कोणी ग्रंथ म्हणून पुढें ठेविला, तर आमचे वाचक त्यास हात तरी लावतील काय? भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संपादकांनींही अनेक प्रतींवरून एक पाठ सिद्ध केला. पण कोणत्या प्रतींत काय आहे, तें प्रत्येक पृष्ठाच्या तळाशीं दिलें. नकाशांच्या या संमिश्र पाठास तळटीप नाहीं.

याचा परिणाम काय होतो, तें पाहा. उजनीचें धरण १९८० सालीं पूर्ण झालें व भीमेच्या खोऱ्यांतील कित्येक जुन्या वसाहती पाण्याखालीं गेल्या. पळसदेवचें प्राचीन देऊळ पाणी ओसरल्यावरच उघडें पडतें. पेशवाईंतील एखाद्या कागदांतील गांव विद्यार्थी आजच्या चित्रांत शोधूं लागला, तर त्यास जलाशय दिसेल व कागदच खोटा, असें तो म्हणेल. धरणापूर्वीचें पत्रक त्याच पडद्यावर, सालासह, मिळालें पाहिजे.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. जुनीं पत्रकें जॉर्ज एव्हरेस्ट याच्या १८३० च्या पृथ्वीगोलमानावर बेतलेलीं. खुली मालिका १९८४ च्या जागतिक मानावर. दोहोंच्या अक्षांश-रेखांशांत पुण्याकडील प्रदेशांत शंभर मीटरांच्या आगेमागे अंतर पडतें. सपाटीवर त्याचें कांहीं वाटणार नाहीं. पण गडाचा दरवाजा शंभर मीटर सरकला कीं तो दरींत जातो. जुन्या टिपणांतील आंकडे मान न पाहतां पडद्यावर घालणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें. पत्रकांचे क्रमांकही बदलले. ज्या पुणें प्रांतासाठीं पूर्वीचे संशोधक '४७ एफ' असा निर्देश करीत, तो आतां 'ई ४३' या गटांत शोधावा लागतो. जुन्या-नव्या क्रमांकांचें कोष्टक विद्यार्थ्याच्या हातीं सहज लागेल असें ठेवलें नाहीं, तर दोन पिढ्यांच्या तळटीपा त्यास निरुपयोगी होतील.

उपाय अशक्य नाहीं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें आपले जुने नकाशे आंतरजालावर असेच जोडून मांडले आहेत. सरकपट्टी हलवितांच जुन्याखालून आजचें चित्र प्रकट होतें. परंतु जोडलेल्या नकाशावरून मूळ सुटें पत्रकही समासासह उघडतां येतें. सोय आणि प्रामाण्य हीं दोनही तेथें साधलीं आहेत. आपल्या सर्वेक्षणाची परंपरा त्याहून कमी तोलाची नाहीं. १८०२ सालीं मद्रासेजवळ आधाररेषा मोजून दक्षिणोत्तर त्रिकोणांची साखळी उभारणारा लॅम्टन १८२३ मध्यें वर्धेकडील हिंगणघाट येथें, काम करतांकरतांच, वारला. त्या साखळीवर उभारलेलीं पत्रकें मुलांस समासासह दाखविण्यास हरकत कोणती?

संग्राहकांकडेही थोडें काम आहे. मोडी कागदांच्या सूचींत आपण गांवाचें नांव देतों व थांबतों. त्यापुढें परगणा, आजचा तालुका, अक्षांश-रेखांश व ते कोणत्या सालच्या, कोणत्या मानाच्या पत्रकावरून घेतले, एवढें लिहावें. गांव निश्चित होत नसेल, तर जागा रिकामी ठेवावी. अंदाजानें ठोकलेली खूण पडद्यावर एकदां उमटली कीं ती पुसणें कठीण जातें.