काला अंब आणि तोतया : ओळखीचा प्रश्न

युद्धानंतर परक्या लोकांत दडलेल्या गुन्हेगाराची कादंबरी एका गृहीतावर उभी असते : सोंग उघडे पडले की न्याय होतो. पानिपतविषयक कथनांत या गृहीताची उलटापालट होते. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ रणात पडले; पानिपतजवळचे काला अंब हे त्या संहाराचे स्मृतिस्थान. तथापि भाऊंच्या मृत्यूविषयीचा संशय निमाला नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. या अनिश्चिततेतूनच भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला.

याच्या शेजारी नाना फडणीसांचे आत्मचरित्र ठेवावे. त्यात रणातून निसटलेला तरुण अंगावरची वस्त्रे टाकून परमुलखातून पायी वाट काढतो. खऱ्या माणसाला जगण्यासाठी आपले नाव टाकावे लागते, तर खोटा माणूस दुसऱ्याच्या नावावर जगतो. १७७६ मध्ये तोतयाला पुण्यात देहान्त शासन झाले, तेव्हा कारभाराची सूत्रे नानांकडेच होती. एके काळी ओळख लपवून वाचलेल्या माणसाच्या अमदानीत ओळखीचा निवाडा झाला, हा योगायोग केवळ चरित्रात्मक नव्हे.

फ्रान्समधील मार्टिन गेरच्या खटल्यात (१५६०) खरा पती परतल्याने तोतयेगिरीचा निकाल लागला. येथे खरा भाऊ परतणे अशक्य होते. त्यामुळे ‘हा कोण?’ या प्रश्नामागे ‘तो कोणाला हवा आहे?’ हा प्रश्न उभा राहतो. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकापासून पुढील ऐतिहासिक ललितकृतींचे मूल्यमापन करताना हा दुसरा प्रश्नच निकष ठरावा. कटाची उकल करून थांबणारी कृती रंजक ठरेल. परंतु पराभूत समाजाला तोतया का हवासा वाटला, हे तिला सांगता येणार नाही.