चौकाबाहेरचे जग : वारली चित्र, नित्य जीवन आणि गृहशोभन

गृहशोभन, वेशभूषा आणि उपयोजित कला यांसंबंधी जे लेखन आज मराठीत होते, त्यात ‘प्रेरणा’ या शब्दाचा संचार फार मोकळेपणाने झालेला दिसतो. दिवाणखान्याची भिंत, पडद्याचे कापड, कुडत्याचा काठ, चहाचा पेला यांच्या सजावटीची प्रेरणा रोजच्या जगण्यातून घ्यावी, असा उपदेश या लेखनात वारंवार आढळतो. आणि अशा प्रेरणेचे तयार उदाहरण म्हणून बहुधा वारली चित्र पुढे केले जाते. भाताची लावणी करणाऱ्या स्त्रिया, डोक्यावर हंडे घेतलेल्या मुली, ताडावर चढणारा माणूस, कोंबड्या, बैल, तारपा वाजविणारा आणि त्याच्याभोवती वळण घेत जाणारी नर्तकांची माळ, हे सारे नित्य जीवन होय, आणि या नित्य जीवनातूनच ही कला जन्मली, अशी समजूत रूढ आहे. तिच्यात तथ्य नाही असे नाही. तथापि ज्या चित्रावरून ती बनली, ते चित्र वारली घराच्या भिंतीवरचे नव्हे. ते भिंतीवरून कागदावर उतरलेले चित्र आहे. या दोहोंतील अंतर लक्षात न घेतल्यामुळे प्रेरणेची सारी चर्चाच उलट्या टोकाने सुरू होते.

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात समाविष्ट झालेल्या डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील वारली समाजात भिंतीवरील चित्राचा मुख्य प्रसंग लग्नाचा. त्या वेळी काढावयाच्या चौकाला लग्नचौक म्हणतात. तो काढण्याचा अधिकार सवाशिणींचा. कुडाच्या भिंतीवर शेणमातीचे सारवण, त्यावर गेरूचा तांबडा हात, तांदूळ वाटून केलेले पांढरे पाणी आणि टोक ठेचून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी, एवढीच सामग्री. प्रथम चौरस आखला जातो. त्याच्या चारही बाजूंना साखळ्या, नागमोडी रेघा आणि त्रिकोणांच्या ओळी यांचे पट्टे एकात एक भरत जातात, आणि या दाट वेलबुट्टीच्या आत, मोकळ्या राखलेल्या तांबड्या जागेत, पालघट देवी उभी राहते. ती वनस्पतींची आणि सुफलतेची देवता. तिच्या चेहऱ्याला नाकडोळे नसतात; टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण हेच तिचे शरीर. कोठे पालघटाच्या चौकाशेजारी दुसरा, देवचौक असतो आणि त्यात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या असतो. चौक झाल्यावाचून लग्न लागत नाही. विधीची गाणी धवलेरी म्हणते, तीही स्त्रीच.

आता या भिंतीवर नित्य जीवन कोठे आहे? ते चौकाच्या बाहेर आहे. झाडे, जनावरे, नाचणारी माणसे, कामात गुंतलेली माणसे ही चौरसाच्या कडेने, उरलेल्या जागेत येतात. त्यांची संख्या ठरलेली नसते, त्यांचा क्रम ठरलेला नसतो. भिंत मोठी असेल तर ती वाढतात, वेळ अपुरा असेल तर कमी होतात. चौकाच्या पट्ट्यांना जी शिस्त लागते, तिच्यातून ही माणसे सुटलेली असतात. म्हणजे चित्राच्या रचनेत रोजच्या जगण्याला स्थान आहे, परंतु ते काठावरचे. मध्यभागी जी देवता आहे ती या जगण्याला अर्थ पुरविते. जगणे देवतेला सजवीत नाही. नर्तकांची माळ रम्य आहे यात शंका नाही, पण लग्नाच्या घरी ती रम्य आहे म्हणून काढलेली नाही. आणि हे चित्र टिकविण्यासाठीही काढलेले नसते. बांधणी न केलेले तांदळाचे पीठ झडत जाते, आणि भिंत पुन्हा सारवली की चौक तिच्या पोटात जातो.

येथे कांटच्या एका सुप्रसिद्ध विवेचनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या मीमांसाग्रंथात त्याने स्वायत्त आणि परायत्त अशी सौंदर्याची दोन रूपे मानली. वस्तूचे प्रयोजन काय, ती कशी असावयास हवी, या कल्पनेवर जे सौंदर्य अवलंबून नाही, ते स्वायत्त. त्याची उदाहरणे देताना कांटने फुले आणि पक्षी यांच्याबरोबर भिंतीवर चिकटविण्याच्या कागदांवरील पानांची नक्षीही घेतली आहे. घरसजावटीतील एक सामान्य वस्तू अशा रीतीने सौंदर्यशास्त्राच्या ऐन गाभ्यात येऊन बसली. मराठीत रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) हा भेद विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचा झाला आहे. लग्नचौकाला मात्र तो सहजासहजी लागू होत नाही. चौकाचे पट्टे पाहिले तर ती शुद्ध नक्षी आहे. कशाचेही चित्र नसलेली, रेघेच्या पुनरावृत्तीत रमलेली. पण ते पट्टे देवीला आवार घालतात. ते चुकले तर चौक चुकला. त्यांच्या सौंदर्याला प्रयोजन आहे, आणि ते प्रयोजन त्यांना जाचत नाही. तोच पट्टा चौकातून काढून खोलीच्या भिंतीला तक्तपोशीखाली फिरविला, की तो कांटच्या नक्षीसारखा मोकळा होतो. या मोकळेपणात त्याने काय मिळविले आणि काय गमावले, हा खरा विचाराचा विषय आहे.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर गेले. त्याआधी बिहारमधील १९६६-६७ च्या दुष्काळाच्या सुमारास मधुबनीच्या स्त्रियांना कागद पुरविण्याच्या कार्यात त्यांचा सहभाग होता. वारली भागातही त्यांनी भिंतीवरची रेघ कागदावर आणविली. डहाणूजवळील गंजाड गावचे जिव्या सोमा मशे यांची कागदावरील चित्रे १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात मांडली गेली. पुढे राष्ट्रीय पुरस्कार, परदेशातील प्रदर्शने, २०११ मध्ये पद्मश्री, असा त्यांच्या कीर्तीचा प्रवास झाला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

हा वृत्तांत बहुतेकांना ठाऊक आहे. त्याचा रचनेच्या दृष्टीने विचार मात्र क्वचितच होतो. कागदाला स्वतःच्या चार कडा असतात. भिंतीच्या अमर्याद तांबड्या विस्तारातून एक पवित्र जागा वेगळी काढण्यासाठी जो चौरस आखावा लागे, त्याचे काम कागदाने आयतेच केले. शिवाय लग्न नसताना, विधी नसताना पालघटाला बोलावण्याचे प्रयोजन काय? अशा स्थितीत मध्य रिकामा पडला, आणि काठावरची माणसे आत आली. शेतकाम, शिकार, मासेमारी, नाच, बाजार हे जे विषय आज वारली चित्राचे स्वरूपच समजले जातात, ते चित्रभर पसरले ते या स्थलांतरामुळे. तेव्हा नित्य जीवनाने या कलेला जन्म दिला असे म्हणण्यापेक्षा, कागदाने नित्य जीवनाला या कलेत मध्यवर्ती जागा दिली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. त्याच वेळी आणखी एक पालट झाला. भिंतीवर हात सवाशिणींचा होता. कागदावर पहिले मोठे नाव एका पुरुषाचे झाले, आणि त्यामागून इतर पुरुषांची झाली. विधीने जो अधिकार केवळ स्त्रीला दिला होता, तो विधी सुटताच तिच्याकडून निसटला. ‘निनावी लोककला’ हा शब्द अशा ठिकाणी फार सोयीचा ठरतो. चौक काढणाऱ्या बाईला नाव असते, फक्त ते कोणी विचारलेले नसते.

मात्र एवढ्यावरून कागदावरील चित्राला ऱ्हासाचे चित्र ठरविणे अन्यायाचे होईल. मशे यांची मासे धरण्याच्या जाळ्याची चित्रे पाहावीत. सूतभर रेघांची असंख्य घरे एकमेकांत गुंतत जवळजवळ सारा पृष्ठभाग व्यापतात. जाळे कोठे ताणले जाते, कोठे सैल पडते, आणि त्या फुगाऱ्यानुसार रेघांची दाटी पालटत जाते. माणूस या चित्रांत आहे, पण बोटाच्या पेराएवढा. येथे वस्तू नित्याची आहे, जाळे हे घरातील साधे अवजार आहे; परंतु चित्र उभे राहते ते जाळ्याविषयीच्या माहितीवर नव्हे. चौकाच्या पट्ट्यांत जी पुनरावृत्तीची शिस्त होती, तीच शिस्त चित्रकाराला जाळ्याच्या विणीत पुन्हा सापडली आहे. मर्ढेकरांनी सौंदर्यनिर्मितीचे नियम म्हणून संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयी सांगितल्या. या चित्रांत घरामागून घर हा संवाद, दाट आणि विरळ यांचा विरोध, आणि मोकळ्या सोडलेल्या भूमीने सावरलेला तोल, अशी तिन्ही तत्त्वे दाखविता येतात. मर्ढेकरांची उपपत्ती साहित्याला लावताना ज्या अडचणी येतात, त्या येथे फारशा येत नाहीत, हेही जाता जाता नमूद करावयास हवे. मध्य हरवलेल्या कागदाला मशे यांनी नवा मध्य शोधला नाही. मध्याची गरजच उरणार नाही अशी रचना शोधली. प्रेरणा हा शब्द वापरावयाचाच असेल, तर तो या ठिकाणी शोभतो.

पडदे, उशा, कुडते आणि पेले यांवरील वारली आकृतींची स्थिती निराळी आहे. तेथे तारपानृत्याची माळ अर्ध्यावर तोडलेली आढळते, कारण कापडाची शिवण तेथे आली. दोन त्रिकोणांचा माणूस एकटाच, ठरावीक अंतरावर, शिक्क्यासारखा उमटत जातो. भूमी कधी पांढरी असते आणि आकृती काळी; तांबड्या सारवलेल्या भिंतीवर पांढरी रेघ जो उजेड निर्माण करते, तो या उलटापालटीत विझतो. यावर असे म्हणता येईल की कापडाचा धर्मच पुनरावृत्तीचा आहे, आणि विधीची भिंत सोडून आलेल्या आकृतीने छपाईचा नियम पाळला तर बिघडले काय? आक्षेप विचारार्ह आहे. पण छपाईचा नियम पाळणे म्हणजे काय, हे पाहण्यासाठी नित्य प्रसंगातून निघालेल्या आणि घरसजावटीत मानदंड ठरलेल्या एका इंग्रजी कापडाकडे वळणे उपयुक्त होईल.

विल्यम मॉरिस याने १८८३ मध्ये केलेल्या त्या नमुन्याचे नाव ‘स्ट्रॉबेरी थीफ’, म्हणजे स्ट्रॉबेरीचोर. केल्म्सकॉट येथील त्याच्या घराच्या बागेत कस्तुर जातीचे पक्षी स्ट्रॉबेरी पळवीत. ते दृश्य हा त्याचा उगम. प्रसंग अगदी घरगुती, किंबहुना किरकोळ. मॉरिसने मर्टन ॲबी येथील आपल्या कारखान्यात नीळ विरंजनाची पद्धत वापरली होती. तीत सारे कापड प्रथम निळीत बुडवितात, आणि मग नक्षीच्या जागचा रंग ठशाने काढून घेतात. म्हणजे अंधारी भूमी आधी, उजळ आकृती नंतर. त्यावर तांबडा आणि पिवळा चढवावयाचा, तोही टप्प्याटप्प्याने. या प्रक्रियेमुळे पक्षी कोठेही सुटा राहत नाही. समोरासमोरच्या जोडीत तो बसतो, पानांच्या वेटोळ्यांत अडकतो, आणि नमुन्याची पुनरावृत्ती कोठे सुरू झाली हे डोळ्याला चटकन सापडत नाही. बागेतील चोरी ठशाच्या आणि रंगाच्या नियमांतून गेली आणि निराळी होऊन बाहेर आली. वारली आकृतीच्या बाबतीत पडद्याच्या कारखान्याने असा कोणताच प्रवास केलेला दिसत नाही. त्याने तयार आकृती उचलली, आणि तिला जी रचना सांभाळीत होती ती मागे ठेवली. मॉरिसचा पक्षीही आज पेल्यांवर आणि पिशव्यांवर उतरला आहे, व तेथे तोही असाच केविलवाणा दिसतो.

या व्यापारामुळे काही वारली घरांत पैसा आला, आणि अनेक तरुणांना हातातील कसबावर उपजीविका करता आली, ही गोष्ट तुच्छ लेखण्यासारखी नाही. २०१४ मध्ये वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागेही हीच चिंता होती. परंतु दिवाणखान्यातील रुची वारली जीवनातून काय निवडते, हाही समीक्षेचा प्रश्न आहे. नाच आणि सुगी निवडली जाते. ज्या प्रदेशातील हे जीवन, तेथे जमीनदारांची वेठ आणि लग्नगडीची गुलामी होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या दारी राबत. तिच्याविरुद्ध १९४५ मध्ये वारल्यांनी उठाव केला, आणि गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात तो नोंदविला. ज्या लग्नाने चौकाला प्रयोजन दिले, त्याच लग्नाने माणसाला गहाण टाकले, हा संबंध ‘साधे, निसर्गाशी एकरूप जीवन’ या गृहशोभनाच्या शब्दावलीत बसत नाही. पाड्यावरचे चित्रकार कागदावर आगगाडी काढतात, मोटारगाडी काढतात. तेही त्यांचे नित्य जीवनच. पडद्यावर मात्र आगगाडी सहसा येत नाही.

अभ्यासाच्या दृष्टीने पाहता कागदावरील चित्रांचे संग्रह आणि सूची आज उपलब्ध आहेत. चौकाच्या बाबतीत साधन तोकडे आहे. चौरस आखणारी सवाशीण कोण, पट्ट्यांचा क्रम ती कोणाकडून शिकली, बाहेरची माणसे कोणी काढली व ती मुलींच्या हातात सोपविली होती काय, एकाच घरातील दोन लग्नांच्या चौकांत काय पालटले, या प्रश्नांची उत्तरे चित्र पाहून मिळणारी नाहीत. ती लग्नाच्या घरी, चौक चालू असताना, काढणारीला विचारून आणि तिच्या नावानिशी टिपावी लागतील. भिंतीला पुढचा गेरू लागेपर्यंतच त्यासाठी अवधी असतो.