कोकण किनाऱ्याचे उत्थान : पुराव्यांची चिकित्सा

प्रस्तावना

कोकण किनारा अलीकडच्या भूशास्त्रीय काळात वर उचलला गेला, असे विधान प्रादेशिक भूगोलाच्या लेखनात वारंवार आढळते. भरतीरेषेहून उंच राहिलेल्या पुळणी, जांभ्याच्या सड्यांत खोल कोरल्या गेलेल्या दऱ्या आणि उष्ण झऱ्यांची रांग हे त्याचे आधार सांगितले जातात. ही भूरूपे प्रत्यक्षात आहेतच. प्रश्न त्यांच्या अन्वयार्थाचा आहे.

पुराव्यांचे परीक्षण

पुळण उंचावलेली दिसते ती भूमी उचलली गेल्याने किंवा समुद्रपातळी उतरल्याने. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पुढे ती चढत गेली व सुमारे ६,००० वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्याच्या काही भागांत आजच्याहून किंचित उंच होती, असे मानले जाते. त्यामुळे एक-दोन मीटर उंचीवरील पुळण, तिचे कालमापन झाल्याखेरीज, उत्थानाचा पुरावा ठरत नाही. सड्यांतील दऱ्या उत्थान सुचवितात. परंतु त्याचा आरंभ तृतीयक कालखंडापर्यंत मागे जाऊ शकतो. गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंतचे उष्ण झरे खोल भेगांची साक्ष देतात. भूमी वर गेली की खाली, हे ते सांगत नाहीत. १० डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा संबंध बहुतेक अभ्यासक जलाशयाशी जोडतात. तोही किनाऱ्याच्या उत्थानाचा आधार होत नाही.

याउलट जाणारे पुरावेही आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात भरतीरेषेखाली मूळ जागी उभे असलेले वृक्षांचे बुंधे सापडले. बाणकोट व दाभोळ येथील खाड्या बुडालेल्या नदीमुखांचे स्वरूप दर्शवितात. उत्थानाचे प्रतिपादन करताना या निमज्जनाचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

तुलना

भूहालचालींची निःसंदिग्ध उदाहरणे वेगळी दिसतात. १६ जून १८१९ च्या कच्छ भूकंपात ‘अल्लाबंद’ हा लांबलचक उंचवटा निर्माण झाला आणि त्याच वेळी सिंद्रीचा परिसर खचून पाण्याखाली गेला. २६ डिसेंबर २००४ रोजी उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रवाळ उघडे पडले, तर ग्रेट निकोबारचा इंदिरा पॉइंट खचला. एकाच घटनेत स्थळागणिक उंची व दिशा बदलणे ही भूहालचालीची ओळख होय. केवळ समुद्रपातळी बदलली असता लगतच्या किनाऱ्यांवर असा तीव्र फरक पडत नाही.

निष्कर्ष

कोकणाच्या उत्थानाची कल्पना त्याज्य नाही. मात्र ती सिद्ध झाली असे गृहीत धरणे योग्य नव्हे. प्रत्येक उन्नत भूरूपाचे वय, तत्कालीन समुद्रपातळी आणि किनाऱ्यालगत उंचीत पडणारा फरक या तिन्ही बाबी एकत्र तपासल्या पाहिजेत. बंदरे, पूल व ऊर्जाप्रकल्प यांच्या भूकंपविषयक सुरक्षिततेचा विचार अशाच निष्कर्षांवर अवलंबून असतो. म्हणून क्षेत्रभेटीच्या अहवालातही उंचीची नोंद आणि उत्थानाचा निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडले जाणे आवश्यक आहे.