न्हावा शेव्याहून पाहिलेलं युरोपचं ऊर्जाधोरण

न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. इथून युरोपला जाणाऱ्या मालात पोलादही असतं. ते बनवताना किती कार्बन हवेत गेला, याची किंमत युरोपीय संघ १ जानेवारी २०२६ पासून सीमेवर लावतो आहे. म्हणजे युरोपचं सामाईक ऊर्जाधोरण आता आपल्या उंबरठ्यावर आलंय.

आधी 'सामाईक' हा शब्द तपासू. १९५१ च्या पॅरिस करारानं सहा देशांचा कोळसा आणि पोलाद एका व्यवस्थेखाली आणलं. पुढे लिस्बन कराराच्या १९४ व्या कलमात ऊर्जा आली खरी, पण कुठलं इंधन वापरायचं याचा हक्क प्रत्येक देशाकडेच राहिला. म्हणून फ्रान्स अणुवीज सोडत नाही आणि जर्मनीनं एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या अणुभट्ट्या बंद केल्या. २०२२ मध्ये रशियाचा वायू आटला, तेव्हा याच जर्मनीनं राखीव ठेवलेली कोळशाची केंद्रं पुन्हा चालवली. २०३० पर्यंत ४२.५ टक्के अक्षय ऊर्जा हे उद्दिष्ट मात्र सगळ्या संघाचं. घरातल्यांना आपापल्या चालीनं चालायची मुभा आहे; बाहेरच्याला ती नाही.

तरी हा कर मुळातच अन्यायाचा, असं आम्ही म्हणणार नाही. युरोपातले कारखाने २००५ पासून कार्बनबाजारात आहेत. आम्हाला खटकतं ते वेगळंच. वसूल झालेला पैसा, ज्या देशातला कारखाना बदलायचा तिथे परत यावा, असं बंधन त्या कायद्यात नाही. मात्र मूळ देशात भरलेली कार्बनची किंमत वजा होते. मग ती इथेच घ्यावी आणि इथल्याच सौर-पवनऊर्जेवर खर्चावी, हे शहाणपणाचं.

पण 'इथे' म्हणजे कुणासाठी? ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि देशभराचं वीजजाळं एक झालं. तरी या झगमगत्या बंदरासमोरच्या घारापुरीला कायमची वीज मिळायला २०१८ उजाडलं, तीही समुद्राखालून केबल टाकल्यावर. तोवर तिथे संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा.

जाळं एक झालं म्हणून वाटा सारखा होत नाही. युरोपला आपण विचारतो, ठरवतं कोण, भरतं कोण, उजेड कुणाला? बंदरासाठी ज्यांची जमीन गेली, ती या किनाऱ्यावरची माणसं उद्या हेच आपल्याला विचारतील. तेव्हा उत्तर तयार हवं.