‘यमुनापर्यटन’ : श्रद्धा आणि सामाजिक न्याय

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा आदल्याच वर्षी संमत झाला होता. या कादंबरीतील ख्रिस्ती श्रद्धा व सामाजिक न्याय यांच्या नात्याचा येथे विचार करावयाचा आहे.

पती विनायकरावांसह प्रवासास निघालेल्या यमुनेला ठिकठिकाणी विधवांची दुःखे दिसतात. ख्रिस्ती विचारांचा संस्कार झालेली यमुना ती दुःखे दैवाच्या माथी मारीत नाही. त्यांत तिला रूढीने केलेला अन्याय दिसतो. ही दृष्टी तिच्या श्रद्धेची देणगी आहे आणि तेच कादंबरीचे खरे सामर्थ्य आहे.

शेवट मात्र या दृष्टीला अपुरा पडतो. वैधव्य आल्यावर यमुना ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. तिची सुटका होते. पण जे दुःख साऱ्या विधवांचे म्हणून मांडले, त्यावरचा उपाय एकीच्या धर्मांतरापाशी थांबतो.

१८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत काढलेल्या शारदासदनात प्रवेशासाठी धर्मांतराची अट नव्हती. पुढे तेथेही धर्मांतरावरून वाद झाला. तरीही पदमनजींच्या कादंबरीत राहून गेलेला प्रश्न तेथे कृतीत उतरला : श्रद्धेने न्यायाची प्रेरणा द्यावी, परंतु तो न्याय श्रद्धावंतांपुरताच असावा काय?